चाती, गिरणी आणि ध्वज : बेंगेरीच्या स्त्रीश्रमाचा पूर्वेतिहास

केशवापूरची रेल्वे वसाहत ओलांडून पुढे गेले की थोड्याच अंतरावर बेंगेरी लागते. एके काळी हे हुबळीबाहेरचे स्वतंत्र खेडे होते. आज केशवापूर कोठे संपते आणि बेंगेरी कोठे सुरू होते हे सांगणे रहिवाशांनाही कठीण जाईल. या बेंगेरीत कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे आवार आहे. देशभरातील शासकीय इमारतींवर जो मानकप्राप्त खादीचा राष्ट्रध्वज फडकतो, तो प्रामुख्याने याच आवारात रंगतो, छापला जातो आणि शिवला जातो. ते काम करणारे बहुतांश हात स्त्रियांचे आहेत. धागा काढणारे हातही धारवाड व बागलकोट जिल्ह्यांतील खेड्यांमधील, आणि तेही मुख्यतः स्त्रियांचेच.

हुबळीकरांना ही गोष्ट ठाऊक असते. परगावचा पाहुणा आला की ती अभिमानाने सांगितलीही जाते. परंतु हे काम स्त्रियांच्या हाती कसे आले, त्यापूर्वी ते त्यांच्या हातून कसे गेले होते, आणि एकविसाव्या शतकात ते पुन्हा का डळमळीत झाले, याची कथा सलगपणे क्वचितच मांडली गेली आहे. वरवर पाहता ती कापसाची कथा आहे. वस्तुतः ती यंत्राची आणि हक्काची कथा आहे, आणि तिचा आरंभ या शहरात रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी होतो.

धारवाड प्रांताची काळी जमीन कापसाची. येथला देशी कापूस कुमठा बंदरातून जहाजावर चढत असे, म्हणून व्यापारी त्याला ‘कुमठा’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून आणविलेले न्यू ऑर्लिन्सचे बी या प्रदेशात लावून पाहिले. इतरत्र फसलेला तो प्रयोग धारवाडच्या मातीत मात्र रुजला आणि ‘धारवाड-अमेरिकन’ हे नाव मँचेस्टरच्या बाजारात रूढ झाले. या नव्या कापसाची सरकी जुन्या पद्धतीने सुटेना, म्हणून करवती दात्यांची यंत्रे आली. ती बनविण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी धारवाडला सरकारी कारखानाही निघाला. डॉ. फोर्ब्स यांच्या देखरेखीखाली तेथे घडलेली यंत्रे पुढे दूरवर गेली.

जुनी पद्धत कोणती होती? सपाट दगडावर कापूस पसरून त्यावर लोखंडी कांब पायाने फिरवावयाची, म्हणजे सरकी पुढे सटकते आणि रुई मागे राहते. हे काम बुटक्या बैठकीवर बसून स्त्रिया करीत. पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना ते रानटी वाटले. तथापि आखूड धाग्याच्या कुमठा कापसाला पायाची कांबच मानवते आणि करवती यंत्राने त्याचा धागा तुटतो, हे पुढे त्यांच्याच लक्षात आले. यंत्र श्रेष्ठ की हात श्रेष्ठ, हा वाद मुळात कोणत्या कामासाठी आणि कोणत्या मालासाठी, हे ठरविल्याखेरीज सुटत नाही, याचा पहिला धडा या जिल्ह्याने असा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे. धडा मात्र फार काळ टिकला नाही. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ हुबळीत आले, रेल्वेचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि रुळांपाठोपाठ वाफेवर चालणारे सरकीचे कारखाने व कापडगिरणी आली. पायाखालची कांब थांबली.

सरकी काढणे हे हंगामी काम होते. त्याहून खोल घाव बसला तो सूतकताईवर. गिरण्यांपूर्वीच्या काळात विणकर पुरुष असला तरी त्याच्या मागाला लागणारे सूत स्त्रियांच्या चातीवरून येई. एक माग चालता ठेवावयास अनेक चरखे लागत. या कामाला जातीची अट नव्हती, घराबाहेर जावे लागत नसे, भांडवल म्हणून लाकडाचा एक रहाट पुरे. विशेषतः विधवेला, जिला पुनर्विवाह नाही, शेत नाही, माहेरी मान नाही आणि सासरी अधिकार नाही, तिला स्वतःच्या हाताने चार पैसे मिळविण्याचे हे जवळजवळ एकमेव प्रतिष्ठित साधन होते. इतिहासकार सुताच्या ऱ्हासाचे गणित मांडतात तेव्हा मणांची आणि रुपयांची बेरीज करतात. घरातील एका स्त्रीचा स्वतंत्र पैसा थांबला, म्हणजे तिच्या शब्दाचे वजन किती घटले, याची नोंद कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडत नाही.

एक नोंद मात्र आहे, आणि ती महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील नसून बंगालमधील आहे. श्रीरामपूरच्या ‘समाचार दर्पण’ या पत्रात १८२८ मध्ये एका कातणाऱ्या विधवेचे निवेदन छापून आले. तरुणपणी वैधव्य आले, पदरी तीन मुली होत्या. सूत काढून तिने घर चालविले, मुलींची लग्ने केली, सासऱ्याचे श्राद्धही केले. पुढे विलायती सूत स्वस्त दराने बाजारात आले आणि तिच्या सुताकडे कोणी पाहीनासे झाले. ते सूत विलायतेतील तिच्यासारख्याच गरीब स्त्रियांनी काढले असावे, अशी तिची समजूत होती. त्यामागे यंत्र आहे हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शंभर वर्षांनंतर, १९३१ मध्ये, गांधीजींनी ते पत्र ‘यंग इंडिया’त पुन्हा छापले. यंत्रामुळे काम गेलेल्या भारतीय स्त्रीचे स्वतःच्या शब्दांतील इतके जुने गाऱ्हाणे दुसरे क्वचितच सापडेल.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अस्थानी होणार नाही. मराठीत कापडाच्या कारखान्यालाही ‘गिरणी’ म्हणतात आणि दळण दळून देणाऱ्या यंत्रालाही ‘गिरणी’च म्हणतात. भाषेने दोन्ही यंत्रांना एक नाव दिले. स्त्रियांच्या आयुष्यात मात्र त्या दोन गिरण्यांनी अगदी उलट कामे केली. पिठाच्या गिरणीने पहाटेच्या जात्यापासून बाईची सुटका केली. तिच्या त्या श्रमाला कधीच मोल नव्हते, म्हणून तो गेल्याचे दुःखही कोणी केले नाही. गेल्या त्या फक्त ओव्या, आणि त्या जपून ठेवण्यासाठी पुढे हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी हिंडून त्यांचा प्रचंड संग्रह केला. सुताच्या गिरणीने मात्र बाईचा मोल मिळणारा श्रम काढून घेतला. यंत्र स्त्रीला मुक्त करते की निराधार करते, या प्रश्नाचे एकच एक उत्तर देणाऱ्यांनी या दोन गिरण्या शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात.

मग कापडगिरणीने स्त्रियांना दुसरे काम दिले नाही काय? दिले. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी काढली, आणि पुढील काळात कोकण व देशावरून आलेल्या हजारो स्त्रिया गिरण्यांच्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत दाखल झाल्या. १९२० च्या दशकात तेथील दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. परंतु ज्या कायद्यांनी तिचे रक्षण केले त्यांनीच तिला मालकाच्या दृष्टीने महाग केले. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाच्या तासांवर व रात्रीच्या कामावर मर्यादा आली. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने देशातील पहिला प्रसूती-साहाय्य कायदा केला. हे दोन्ही आवश्यकच होते. मात्र त्याच सुमारास ‘रॅशनलायझेशन’च्या नावाखाली वेगवान यंत्रे आली, रात्रपाळ्या वाढल्या आणि कपातीची कुऱ्हाड प्रथम वाइंडिंग-रीलिंगच्या स्त्रियांवर पडली. १९२८-२९ च्या संपांत उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या स्त्रिया पुढे आल्या त्यामागे ही कपात होती. नवे यंत्र आले की ते चालविण्याचे शिक्षण पुरुषाला आणि सुट्टी बाईला, हा जणू अलिखित नियमच ठरला. स्वातंत्र्यानंतरही ही घसरण थांबली नाही. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीने १९७४ च्या आपल्या अहवालात आधुनिकीकरणाबरोबर गिरण्यांतून स्त्रिया बाहेर फेकल्या गेल्याची स्पष्ट दखल घेतली.

या पार्श्वभूमीवर चरख्याचे पुनरुज्जीवन पाहिले पाहिजे. ते केवळ भावनेचे प्रकरण नव्हते. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींना चरखा कसा असतो हेही नीट ठाऊक नव्हते. तो शोधून काढण्याचे काम गंगाबेन मजुमदार या विधवा स्त्रीने अंगावर घेतले आणि बडोदे संस्थानातील विजापूर येथे, माळ्यावर टाकून दिलेले रहाट तिला सापडले. पेळू देणार असाल आणि सूत घेणार असाल तर आम्ही कातू, असे तेथील घरांनी कळविले. म्हणजे कौशल्य मेले नव्हते. बाजार मेला होता.

हुबळी-धारवाडच्या वाट्याला या चळवळीतील एक मोठा प्रसंग आला, तो डिसेंबर १९२४ मधील बेळगाव काँग्रेसचा. गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते हेच. हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाने तेथील स्वयंसेवकांची व्यवस्था पाहिली, आणि सेवादलाच्या स्त्री-विभागाची धुरा उमाबाई कुंदापूर यांच्याकडे होती. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या उमाबाईंनी हुबळीत भगिनी मंडळ चालविले होते. बेळगावसाठी त्यांनी दीडशेच्या वर स्त्रिया गोळा केल्या, आणि त्यांत विधवा स्त्रियाही होत्या. ज्यांनी शुभकार्यात समोर येऊ नये असा समाजाचा दंडक होता त्या स्त्रिया राष्ट्रीय सभेच्या मांडवात गणवेशात वावरत होत्या, ही त्या काळातील लहान गोष्ट नव्हे.

याच अधिवेशनाने काँग्रेसचे सभासदत्व चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सुतावर ठेवले. हा नियम वर्षभरही नीट चालला नाही; पुढाऱ्यांना कातावयाचे नव्हते आणि सूत विकत घेऊन देण्याची पळवाट नियमातच होती. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला तो सैल करण्यात आला आणि तेथेच अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना झाली. या नियमाची थट्टा पुष्कळ झाली. परंतु जिच्या हातात नाणे नसे आणि चाती असे अशा बाईला, नवऱ्याकडे चार आणे न मागता, स्वतःच्या कष्टाने राजकीय सभासद होण्याची वाट या देशात प्रथम त्या नियमाने खुली केली होती, हे थट्टेच्या भरात विसरले जाते.

चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके व खेड्यातील सामान्य झोपडीत हाताने वा पायाने चालणारे असावे; आठ तासांत बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत त्यावर निघावे; किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी; ते वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून वाढू नये. आणि या सर्वांबरोबर एक अट अशी की, एका स्त्रीला ते फारसे न थकता सलग आठ तास चालविता आले पाहिजे.

चरखेवाल्यांना यंत्राचे शत्रू समजणाऱ्यांनी ही शेवटची अट लक्षात घ्यावी. यंत्राचा वेग, वजन व किंमत ठरविताना मोजपट्टी म्हणून एका खेडवळ स्त्रीचे शरीर धरले गेले होते. जगातील यंत्रशास्त्राच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळा. देशातील व परदेशांतीलही कारागिरांनी प्रयत्न केले. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही. स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूच्या एकांबरनाथन् यांच्या अंबर चरख्याने अनेक चात्यांचे सूत एका हाताच्या कळीवर आणले, तेव्हा त्या अटींच्या जवळ जाणारे काही हाती आले. अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील १९५५ च्या ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीने रोजगाराच्या प्रश्नात अशा सुधारित हस्तयंत्रांना स्थान दिले, त्याला हाच इतिहास पार्श्वभूमीला होता.

याचा अर्थ सूतकताईत सर्व काही उजळ होते असा मुळीच नाही. मजुरी अत्यल्प होती. १९३५ मध्ये गांधीजींनी स्वतःच चरखा संघाला या मुद्द्यावर धारेवर धरले. आठ तासांच्या कामाला आठ आणे मजुरी आणि स्त्री असो वा पुरुष, तासाला तोच दर, हा त्यांचा आग्रह होता. खादी महागेल, खपणार नाही, असे कार्यकर्त्यांचे उत्तर होते, आणि प्रत्यक्षात तीन आण्यांच्या आसपासच तडजोड झाली. त्याच वर्षी विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला तासन् तास सूत काढून, त्या मजुरीत जेवढे बसेल तेवढ्यावरच जेवण भागविण्याचा प्रयोग केला. बाईच्या मजुरीवर पुरुषाने जगून पाहिल्याशिवाय ती किती कमी आहे हे संस्थेला कळले नाही, असाही याचा अर्थ काढता येईल.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप अधिक मूलगामी होता. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात यंत्रविरोधी विचारसरणीवर कठोर टीका केली. माणसाला पशुतुल्य कष्टांतून सोडवून फुरसत आणि संस्कृती देऊ शकेल ते यंत्रच. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. बेंगेरीच्या इतिहासाला हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. कातणाऱ्या बाईला चरख्यापाशीच ठेवावे, असे म्हणणे हा तिच्यावरील दुसरा अन्याय ठरू शकतो. परंतु तिच्या हातचे काम काढून घेताना नव्या यंत्राचा लाभ तिला मिळाला की नाही, हे विचारणे आंबेडकरांच्याच कसोटीला धरून आहे.

आता ध्वजाकडे वळू. घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा पंडित नेहरूंनी सभागृहाला दोन ध्वज दाखविले. एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. स्वातंत्र्यलढ्यातील ध्वजावर मध्यभागी चरखा होता. ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी चित्र सारखे दिसावयास हवे आणि चरखा तसा दिसत नाही, म्हणून त्याचे केवळ चक्र ठेवून ते अशोकाच्या चक्रस्वरूपात घेण्यात आले. चरखा चित्रातून गेला. कापडात मात्र तो राहिला, कारण ध्वज खादीचा असावयाचा होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या बैठकीत, भारतातील स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण करण्याचा मान हंसाबेन मेहता यांना मिळाला. त्याच हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात सर्व ‘पुरुष’ स्वतंत्र व समान जन्मतात, असा अर्थ निघणारी शब्दयोजना होती. ‘पुरुष’ या शब्दाने स्त्रिया वगळल्या जातील, असा आक्षेप घेऊन ‘सर्व मानव’ असा शब्द त्यांनी लावून धरला आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा त्या रूपात मंजूर झाला. त्याच जाहीरनाम्याच्या तेविसाव्या कलमात कामाचा हक्क व समान कामास समान वेतन आहे, आणि सत्ताविसाव्यात विज्ञानाच्या प्रगतीत व तिच्या लाभांत सहभागी होण्याचा हक्क आहे. कातणाऱ्या बाईचा प्रश्न नेमका या दोन कलमांच्या मध्ये उभा आहे.

स्वातंत्र्याच्या वर्षीच भारतीय मानक संस्था स्थापन झाली होती. तिने प्रसिद्ध केलेल्या मानकांत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाच्या मानकाला मिळाला. १९५१ मध्ये ते आले आणि १९६४ व १९६८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. कापड, धाग्यांची संख्या, रंगांच्या छटा, रंगाचा पक्केपणा, शिवण, दोरी, यांतील प्रत्येक गोष्ट तेथे बांधून दिली आहे. मानक हा वाचावयास अत्यंत रुक्ष मजकूर असतो. त्यात न्याय, समता असे शब्द येत नाहीत. परंतु हाताने कातलेले आणि हाताने विणलेले, एवढ्या एका अटीने त्या रुक्ष कागदाने धारवाड-बागलकोटच्या स्त्रियांसाठी एक बाजार राखून ठेवला. कोणत्याही कामगार कायद्याने दिले नाही ते एका तांत्रिक अटीने दिले. हा हक्क त्या स्त्रियांच्या नावे कोठेही लिहिलेला नव्हता, ही त्यातील दुर्बळता पुढे उघड व्हावयाची होती.

धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर बरोबर एक वर्षाने, १ नोव्हेंबर १९५७ रोजी, या भागातील खादी कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ स्थापन केला आणि बेंगेरीला त्याचे आवार उभे राहिले. धारवाडजवळच्या गरग गावातील क्षेत्रीय सेवा संघ १९५४ पासून काम करीत होता. ध्वजाच्या कापडासाठी गरगचे नाव पुढे देशभर झाले. बेंगेरीत ध्वजनिर्मितीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि २००५ च्या सुमारास त्याला मानक ब्यूरोचा परवाना मिळाला तेव्हा असा परवाना असलेली दुसरी संस्था देशात नव्हती.

या कामाच्या सहा पायऱ्या सांगितल्या जातात : कताई, विणाई, धुलाई व रंगाई, चक्राची छपाई, शिलाई आणि शेवटी दोरी व लाकडी खुंटी बसविणे. ध्वजाच्या अंगाचे कापड वेगळे, आणि काठीकडील पट्टीचे कापड वेगळे, अधिक जाड. मुख्य कापडाचे तीन भाग करून एक केशरी, एक हिरवा रंगवितात, एक पांढरा ठेवतात. पांढऱ्या पट्ट्यावर चोवीस आऱ्यांचे चक्र दोन्ही बाजूंनी छापावयाचे, आणि एका बाजूचा आरा दुसऱ्या बाजूच्या आऱ्यावर तंतोतंत बसला पाहिजे. कापड किंचित सरकले तरी तुकडा बाद. ध्वजाची नऊ प्रमाणित मापे आहेत, टेबलावरच्या दीडशे बाय शंभर मिलिमीटरपासून एकवीस बाय चौदा फुटांपर्यंत. येथे शिलाई यंत्रे आहेत, छपाईचे साचे आहेत, खेड्यांतील केंद्रांवर अनेक चात्यांचे सुधारित चरखे आहेत. म्हणजे बेंगेरी हे यंत्राविना चाललेले ठिकाण नाही. यंत्र येथे हाताला जोडलेले आहे, हाताच्या जागी बसविलेले नाही. मजुरी नगावर आणि लडीवर मिळते. एक लडी म्हणजे हजार मीटर सूत. ती मजुरी पुरेशी आहे असे कोणी प्रामाणिकपणे म्हणणार नाही. परंतु घराजवळचे, हंगामावर न अवलंबणारे आणि स्वतःच्या नावाने पैसा देणारे काम या भागातील खेड्यांत बाईला दुसरे कोणते आहे, हाही प्रश्न विचारावा लागतो.

यानंतरचा इतिहास अलीकडचा आहे. सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज फडकविता यावा यासाठी नवीन जिंदाल यांनी दिलेल्या लढ्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली. आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वज सन्मानपूर्वक फडकविणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. हा निकाल योग्यच होता. ध्वज केवळ सरकारचा नसून नागरिकाचा आहे, हे त्याने सांगितले. मात्र या सर्व काळात चर्चा झाली ती ध्वज फडकविणाऱ्याच्या हक्काची. तो विणणारी आणि शिवणारी या वादात पक्षकार नव्हती, आणि तिला पक्षकार करावे असे कोणाला सुचण्याचेही कारण पडले नाही, कारण तोवर तिचे काम सुरक्षित होते.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. हाताने कातलेल्या व विणलेल्या कापडाबरोबर यंत्रावर तयार झालेले कापड आणि सुती, रेशमी, लोकरीबरोबर पॉलिएस्टरही ग्राह्य ठरले. पुढील ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त ‘हर घर तिरंगा’ मोहीम निघाली. कोट्यवधी घरांवर थोड्या दिवसांत ध्वज लावावयाचा, तर एवढे कापड हातमाग पुरवू शकले नसते, हे शासनाचे म्हणणे गणिताच्या दृष्टीने खोटे नव्हते. गरीब घरालाही पंधरा-वीस रुपयांत ध्वज मिळावा, यातही गैर काही नाही. प्रश्न वेगळा होता. मोठी मागणी ही खादीच्या दृष्टीने पन्नास वर्षांत एकदा येणारी संधी; नेमक्या तिच्या आधी संरक्षणाची अट निघून गेली. ज्या वर्षी बेंगेरीत रात्रंदिवस काम चालावयाचे त्या वर्षी मागणी घटल्याचे संघाला सांगावे लागले. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर संघाने दुरुस्तीविरुद्ध जाहीर निषेध केला आणि ती मागे घ्यावी अशी मागणी केली. हुबळीतील अनेक नागरिक त्यांच्या बाजूने बोलले.

या विरोधाला ‘जुनाटपणा’ म्हणणाऱ्यांची वानवा नव्हती. परंतु १९२९ च्या त्या बक्षिसाच्या अटी आणि २०२१ ची दुरुस्ती शेजारी ठेवली म्हणजे फरक कळतो. पहिल्या कागदात यंत्र सुधारावयाचे होते, आणि ते कोण चालविणार याचा विचार अटीतच होता. दुसऱ्यात कापडाच्या जाती वाढविल्या आहेत. ते काम आजवर कोण करीत होते, तिचे पुढे काय, तिला नव्या यंत्रावर शिकविणार काय, याविषयी एक शब्द नाही. नव्या यंत्रांचा माल दूरच्या यंत्रमागांवर निघतो आणि गरगच्या किंवा बागलकोटच्या कातणाऱ्या बाईपर्यंत त्यातला रोजगार पोहोचत नाही. १८२८ च्या त्या विधवेला निदान कोठे तरी दुसऱ्या गरीब स्त्रियांना आपले काम मिळाले असेल असे वाटले होते.

खादीच्या ध्वजाला अजूनही बंदी नाही. दुरुस्तीने तो एकमेव न राहता अनेकांतला एक झाला, एवढेच. शासकीय कार्यालये अजून बेंगेरीकडून मानकचिन्हाचे ध्वज घेतात, जानेवारी आणि ऑगस्टच्या आधी छपाईच्या मेजांवर पांढरे पट्टे अंथरले जातात, आणि छपाई झाल्यावर प्रत्येक चक्र उजेडासमोर धरून त्याचे आरे एकमेकांवर बसले आहेत की नाही हे तेथील स्त्रिया तपासून पाहतात.